इंग्रजीच्या तासाला आवाज हवा

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना नाटक, कविता आणि भाषण यांना जागा असावी, याला सहसा कुणी विरोध करत नाही. सगळे मान डोलावतात आणि मग या तिन्हींची रवानगी वार्षिक कार्यक्रमात, स्पर्धेत, नाहीतर परीक्षा संपल्यानंतरच्या मोकळ्या आठवड्यात होते. नाटकात आधीपासूनच चांगलं बोलणारी आठ-दहा मुलं घेतली जातात, कवितेसाठी दोघी निवडल्या जातात, वक्तृत्वाला एकजण पाठवला जातो. उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला धडा वाचणं, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावरून उतरवून घेणं आणि तयार प्रश्नोत्तरं पाठ करणं पुन्हा सुरू होतं. माझं म्हणणं असं आहे की नाटक, कविता आणि भाषण मंचावरच राहिलं, तर त्यातून इंग्रजी शिकवण्याचं काम जवळजवळ काहीच होत नाही. ते रोजच्या तासात आलं पाहिजे, वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलं पाहिजे. धडा संपल्यावरची गंमत म्हणून ते आणलं तर फारसा उपयोग नाही. धडा शिकवायचा तोच याच मार्गाने.

एवढ्या आग्रहाचं कारण इंग्रजी भाषेच्या घडणीत आहे. मराठीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर च, तर, ना, ही अशी अव्ययं आपल्या हाताशी असतात आणि वाक्यातल्या शब्दांची जागाही सहज हलवता येते. 'मला वाटलं तू उद्या येणार आहेस', 'मला तर वाटलं', 'तूच येणार आहेस', 'उद्याच येणार आहेस' हे सगळे फरक कागदावर दिसतात. इंग्रजीतलं 'आय थॉट यू वेअर कमिंग टुमॉरो' हे वाक्य मात्र कागदावर जसंच्या तसं राहतं. बोलणाऱ्याने जोर 'आय'वर दिला, तर इतरांची समजूत वेगळी होती असं सुचतं. 'यू'वर दिला, तर भलताच कुणीतरी आला आहे. 'टुमॉरो'वर दिला, तर पाहुणा एक दिवस आधीच दारात उभा आहे. छापील धडा कितीही वेळा वाचला तरी हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. तो कानाने कळतो आणि तोंडाने वापरल्यावर अंगवळणी पडतो.

एकेका शब्दाचंही तेच. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, 'फटॉग्रफर' म्हणताना दुसऱ्यावर जातो, 'फोटोग्रॅफिक' म्हणताना तिसऱ्यावर. जोर सरकला की शेजारचे स्वर आखडतात, काही तर ऐकूही येत नाहीत. फक्त डोळ्यांनी इंग्रजी शिकलेली मुलं प्रत्येक अवयव सारख्याच वजनाने उच्चारतात आणि समोरचाही तसाच बोलेल अशी अपेक्षा धरतात. म्हणून दहा वर्षं इंग्रजी शिकूनही 'वाचलेलं समजतं, पण बोललेलं समजत नाही' अशी तक्रार उरते. ही मुलांची कुवत कमी असल्याची खूण नाही. ज्या भाषेत निम्मा अर्थ आवाजात असतो, ती भाषा आपण त्यांना आवाज बंद ठेवून शिकवली.

आता नाटकाकडे येतो. शेक्सपिअरच्या काळातल्या नाटक मंडळ्यांची एक रीत वर्गासाठी फार उपयोगाची आहे. तेव्हा नटाला संपूर्ण संहिता मिळत नसे. सगळं नाटक प्रत्येकासाठी हाताने उतरवून काढणं खर्चाचं आणि वेळखाऊ होतं. नटाला मिळायची ती फक्त त्याची स्वतःची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-चार शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. एडवर्ड अ‍ॅलन या त्या काळच्या नामवंत नटासाठी उतरवलेली अशी एक भूमिका लंडनच्या डलिच कॉलेजच्या संग्रहात आजही जपून ठेवलेली आहे. ती रॉबर्ट ग्रीनच्या 'ऑर्लँडो फ्युरिओसो' या नाटकातली आहे.

हीच रीत पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही संवादाला लावता येते. समजा एका मुलीच्या हातात चिठ्ठी आहे. वर लिहिलंय 'व्हेअर इज द की?' आणि खाली तिची ओळ, 'आय गेव्ह इट टू यू.' हा प्रश्न चौघांपैकी कोण विचारणार आणि कधी विचारणार, हे तिला ठाऊक नाही. त्यामुळे ती प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकते. एका गटात विचारणारा मुलगा घाबऱ्या आवाजात, हळू विचारतो. ती तितक्याच हळू, त्याला आठवण करून दिल्यासारखं उत्तर देते. शेजारच्या गटात तोच प्रश्न दरडावून येतो आणि उत्तर देणारीचा जोर आपोआप 'यू'वर जाऊन आदळतो. जोर कुठे द्यायचा हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. समोरच्याच्या आवाजातून ते तिचं तिलाच सापडतं. संपूर्ण पुस्तक हातात धरून पाळीपाळीने वाचताना हे घडत नाही. तेव्हा प्रत्येकाचं लक्ष आपली ओळ कधी येते एवढ्यावरच असतं आणि मधलं सगळं वाया जातं. या प्रयोगाला पडदा लागत नाही, वेशभूषा लागत नाही आणि प्रेक्षक तर मुळीच लागत नाहीत.

प्रेक्षक नसणं इथे महत्त्वाचं आहे. ब्रायन वे या ब्रिटिश नाट्यशिक्षकांनी १९६७ साली लिहिलेल्या 'डेव्हलपमेंट थ्रू ड्रामा' या पुस्तकात रंगभूमी आणि शिक्षणातलं नाट्य यांत स्पष्ट फरक केला आहे. रंगभूमीचा संबंध नट आणि प्रेक्षक यांच्यातल्या संवादाशी, तर नाट्याचा संबंध भाग घेणाऱ्याच्या अनुभवाशी. त्यांच्या आधी पीटर स्लेड यांनीही मुलांच्या नाट्याचा विचार मोठ्यांच्या रंगभूमीपासून वेगळा करावा असं सांगितलं होतं. शाळेने प्रेक्षक आणले की सगळं काम त्यांच्यासाठी चालू होतं. ज्याचे उच्चार आधीच चांगले त्याला मोठी भूमिका, ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज त्याला झाडाची नाहीतर पहारेकऱ्याची. वाक्य चुकू नये म्हणून ते इतकं घोटून घेतलं जातं की मूल ते अर्थ न कळताही बिनचूक म्हणतं. समारंभ देखणा होतो आणि भाषा होती तिथेच राहते.

संहितेशिवायचं नाट्य याच्याही पुढचं आहे आणि माझ्या मते भाषेसाठी सर्वांत कसदार. डॉरथी हीथकोट या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने, जी चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत विणकाम करायला गेली होती आणि पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागली, एक पद्धत रुजवली: शिक्षकाने स्वतःच भूमिका घेऊन वर्गात यायचं. समजा धडा एका वाचनालयाविषयी आहे. शिक्षक दारातून येतो तोच अधिकारी म्हणून, हातात कागद, आणि सांगतो की वाचनालय महिन्याअखेर बंद होणार. मुलं त्या गावचे रहिवासी. आता त्यांना विचारायचंय, विरोध करायचाय, पर्याय सुचवायचाय. 'इफ यू क्लोज इट, व्हेअर विल वी स्टडी?' हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, मोडकंतोडकं का होईना. ज्या सशर्त वाक्यरचनेच्या गाळलेल्या जागा वर्षभर भरून घेतल्या, तिची इथे खरी गरज पडते. शिक्षक अधिकाऱ्याच्या भूमिकेतूनच ते वाक्य नीट करून परत म्हणतो: 'यू आर आस्किंग मी, इफ वी क्लोज इट, व्हेअर विल यू स्टडी?' चूक दाखवली गेली आणि मुलाचा पाणउताराही झाला नाही. तासाच्या शेवटी प्रत्येकाने त्या अधिकाऱ्याला एक पत्र लिहायचं. पत्रलेखनाचा नमुना फळ्यावरून उतरवणारी मुलं आणि दहा मिनिटांपूर्वी त्याच माणसाशी भांडलेली मुलं, यांच्या पत्रांत किती फरक पडतो हे कुठल्याही शिक्षकाने एकदा करून पाहावं.

कवितेच्या बाबतीत मला पाठांतराची बाजू घ्यायची आहे. घोकंपट्टीला विरोध करता करता आपण पाठांतरच टाकून दिलं, हे चुकलं. कविता तोंडपाठ असली की ती मुलाची होते, आणि तिच्यातलं इंग्रजी त्याच्या जिभेवर राहतं. अट एवढीच की पाठांतर अर्थाकडे जाणारं असावं. विल्यम ब्लेकची 'द टायगर' ही १७९४ सालची कविता घ्या. सहा कडवी, प्रत्येकी चार ओळी. पहिलं आणि शेवटचं कडवं जवळजवळ सारखंच, फक्त शेवटच्या ओळीत 'कुड'च्या जागी 'डेअर' आलं आहे. डोळ्यांनी वाचणारा हे सहज ओलांडून जातो. शेवटचं कडवं पुन्हा तेच आहे म्हणून वाचतही नाही. पाठ करणारा मात्र नेमका तिथे अडखळतो. सवयीने 'कुड' म्हणतो, कुणीतरी दुरुस्त करतं, आणि मग प्रश्न उभा राहतो की कवीने हे का बदललं. असा वाघ घडवणं कुणाला जमलं, इथून असा वाघ घडवायची छाती कुणाला झाली, इथवर ती कविता पोहोचली आहे. हे शिक्षकाने सांगितलं तर ती एक टीप होते आणि वहीत जाऊन पडते. म्हणताना सापडलं की आवाज बदलतो.

म्हणण्याची रीत मात्र सुधारायला हवी. शाळांमध्ये काव्यवाचन म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी हेल काढणं आणि प्रत्येक नामाला हातवारा करणं, अशी समजूत झाली आहे. सूर्य म्हटलं की हात वर, हृदय म्हटलं की हात छातीवर. अमेरिकेत माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या 'पोएट्री आउट लाउड' या काव्यपठणाच्या उपक्रमात गुण देताना कविता समजल्याचा पुरावा पाहतात, आणि अभिनय कवितेवर कुरघोडी करू लागला तर तो दोष मानतात. हा निकष मला योग्य वाटतो. विरामचिन्ह असेल तिथे थांबावं, ओळ संपली म्हणून थांबू नये, आणि हात शांत ठेवावेत. एवढ्या तीन सूचनांनी निम्मं काम होतं. समूहवाचनालाही इथे मोठी जागा आहे. वर्गाचे दोन भाग करून एका भागाने प्रश्नाच्या ओळी म्हणाव्यात, दुसऱ्याने उत्तराच्या. इंग्रजीची लय एकट्या मुलाला पेलत नाही ती तीसजण मिळून सहज पेलतात. बोलताना अडखळणाऱ्या मुलांचं अडखळणंही सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना बऱ्याचदा कमी होतं.

भाषणाची अवस्था या तिघांत सर्वांत वाईट आहे, म्हणून तिथे थोडं कठोर बोलायला हवं. वक्तृत्व स्पर्धेतलं भाषण बहुधा मोठ्या माणसाने लिहिलेलं असतं आणि मुलाने पाठ केलेलं. त्यात मुलाचं मत नसतं, त्याचे शब्द नसतात आणि ऐकणाऱ्याने मध्येच प्रश्न विचारला तर पुढची ओळ विसरते. याला बोलणं म्हणता येणार नाही. बोलणं म्हणजे समोरच्याकडे पाहून, विचार करत करत वाक्य जुळवणं. ते मिनिटभराचं असलं तरी चालेल. 'शाळेचा गणवेश कुणी ठरवावा?' असा साधा विषय, विचाराला अर्धा मिनिट, बोलायला एक मिनिट, आणि शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न. त्या प्रश्नाचं उत्तर कसं दिलं, यावर मी भाषणाची किंमत ठरवीन.

ऐकणाऱ्यांना काम देणं तितकंच महत्त्वाचं. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेच्या बैठकांत रिकामा श्रोता फारसा नसतो. एकजण वेळ पाहतो, एकजण 'अं… अं' मोजतो, एकजण भाषेतले चांगले-वाईट प्रयोग टिपतो, एकजण भाषणावर अभिप्राय देतो. या जबाबदाऱ्या वर्गात वाटल्या की एक मूल बोलतं तेव्हा बाकीचे झोपत नाहीत, आणि अभिप्राय देणाऱ्यालाही इंग्रजीत चार वाक्यं बोलावीच लागतात. वादविवादात तर मुलाला त्याच्या मताविरुद्धची बाजू मुद्दाम द्यावी. स्वतःचं मत मांडताना मूल जुनीच वाक्यं फिरवतं. दुसऱ्याची बाजू मांडायची म्हटली की 'ऑल्दो', 'अनलेस', 'ईव्हन इफ' यांच्यावाचून गत्यंतर राहत नाही.

इथे शिक्षकालाही स्वतःला आवर घालावा लागतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणारे घटले आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तिचा अभ्यास विज्ञानाच्या तासांचा होता. परक्या भाषेत तर मुलाला आधी विचार जुळवायचा असतो आणि मग शब्द. त्याला सेकंदभर देणं म्हणजे काहीच न देण्यासारखं आहे.

मोठ्या वर्गाचा आक्षेप खरा आहे, पण तो एकेकाला मंचावर बोलावण्याच्या पद्धतीला लागू पडतो. साठ मुलं एकेक मिनिट बोलली तर तास संपेल, जोड्यांनी बोलली तर दोन मिनिटांत सगळ्यांचं बोलून होतं. आवाज वाढतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. ती मुख्याध्यापकांनी सोसायला हवी. 'ज्यूलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण तर मोठ्या वर्गातच रंगतं. एक मुलगी अँटनी, उरलेला सगळा वर्ग रोमची गर्दी, आणि गर्दीची वाक्यं मूळ नाटकातच आहेत. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेला ब्रूटस सन्माननीय आहे असं अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो. पहिल्यांदा गर्दी ते खरं मानते आणि शेवटी त्याच शब्दाने चवताळते. आपला आवाज नेमका कुठे बदलला हे त्या गर्दीतल्या मुलांना विचारावं. वक्तृत्वशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

लाजऱ्या मुलांची काळजी मात्र मनापासून घ्यायला हवी. चारचौघांत बोलायला लावून भीड चेपते हा समज मला क्रूर वाटतो. काहींची चेपते, काहींच्या मनात इंग्रजीची भीती कायमची बसते. क्रम असा हवा: आधी सगळ्यांबरोबर, मग जोडीत, मग चौघांत, आणि वर्गासमोर फक्त ज्याला वाटेल त्याने. भूमिका हा लाजऱ्या मुलाचा मोठा आधार असतो, कारण चुकलं तर ते त्या पात्राचं चुकलेलं असतं. बोलत असताना मध्येच उच्चार सुधारू नयेत, ते टिपून ठेवावेत आणि शेवटी कुणाचं नाव न घेता सगळ्यांकडून म्हणून घ्यावेत. इंग्रज किंवा अमेरिकी हेल काढता येणं हे उद्दिष्ट असूच नये. समोरच्याला स्पष्ट कळलं की पुरे.

मग येतो गुणांचा प्रश्न, आणि सगळं इथेच अडतं. ब्रिटिश अभ्यासक अँड्र्यू विल्किन्सन यांनी १९६५ साली बोलण्या-ऐकण्याच्या क्षमतेला 'ओरसी' असं नाव दिलं, ते ती वाचन-लेखनाच्या तोडीची मानली जावी म्हणून. त्याच इंग्लंडमध्ये २०१४पासून जीसीएसई या साधारण सोळाव्या वर्षी द्यायच्या शालेय परीक्षेत इंग्रजीच्या अंतिम श्रेणीत बोलण्या-ऐकण्याचे गुण धरणं बंद झालं. नव्या अभ्यासक्रमात त्याचा शेरा वेगळा दिला जातो, त्याने मुख्य श्रेणीत काही फरक पडत नाही. शाळेतल्याच शिक्षकांनी दिलेले हे गुण सगळीकडे सारख्या मापाचे आहेत याची खात्री देता येत नाही, हे त्यामागचं कारण. कारण खरं आहे, निर्णय मला चुकीचा वाटतो. मोजायला अवघड म्हणून एखादी क्षमता हिशोबातून काढली की शाळा तिचा वेळही काढून घेते, आणि त्याचा फटका घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाला बसतो. ज्याच्या घरी ती बोलली जाते तो शाळेवाचूनही शिकतो.

मापाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. वर्षाअखेरीच्या एका तोंडी परीक्षेऐवजी वर्षभरात प्रत्येक मुलाचे चार-पाच छोटे नमुने ध्वनिमुद्रित करावेत, त्यातले काही दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी ऐकावेत. पाहायचं ते इतकंच: बोलणं कळलं का, समोरच्याचं ऐकून उत्तर दिलं का, जोर आणि विराम अर्थाला धरून होते का. पाठ केलेल्या भाषणाला यात फार गुण मिळणार नाहीत, आणि तसंच असावं.

शेवटची अडचण शिक्षकाची. बहुतेक इंग्रजी शिक्षक स्वतः डोळ्यांनीच इंग्रजी शिकले आहेत. त्यांना कविता मोठ्याने म्हणायचा संकोच वाटतो, भूमिका घेऊन वर्गात यायची धास्ती वाटते, आणि त्यांना कुणी ते कधी करूनही दाखवलेलं नसतं. नाट्यपद्धतीवर तासभर व्याख्यान देऊन प्रशिक्षण उरकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात शिक्षकांनीच चिठ्ठ्या हातात घेऊन संवाद करावा, एखादी कविता पाठ म्हणावी, अर्ध्या मिनिटाच्या तयारीवर बोलून सहकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. हे स्वतः केल्याशिवाय माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र कुणालाही देऊ नये.